नोंदवहीतील कोरी ओळ

मनुष्य आपल्या पूर्वजांचा शोध का घेतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. आपण कोठून आलो हे जाणण्याची ओढ प्रत्येकाला असते, असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. परंतु एवढ्याने समाधान होत नाही. शोधात जे सापडेल त्याचे काय करायचे? जे सापडणार नाही त्याचे काय? आणि मृतांची नावे हाताळण्याचा आपला अधिकार कोठवर जातो? या प्रश्नांचा विचार न करता दप्तर उघडणारा माणूस पुष्कळदा रिकाम्या हाताने नव्हे, तर जड मनाने परततो.

पाश्चात्त्य देशांत कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या संस्था ठिकठिकाणी आहेत. लंडनची 'सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स' १९११ साली स्थापन झाली. अमेरिकेतील युटा येथील संस्था त्याहून जुनी, १८९४ सालची. अशा संस्थेच्या संशोधनकेंद्रात कोणीही जावे, आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव सांगावे आणि जुन्या वह्यांतून एकेक पिढी मागे सरकत जावे. आपल्याकडे अशी पाटी सहसा दिसत नाही. पण अशी केंद्रे आपल्याकडे नव्हतीच असे मात्र नव्हे. नाशिकच्या पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वह्या आहेत. यात्रेकरूने गाव सांगावे, आडनाव सांगावे, की उपाध्याय वही काढतात आणि पणजोबा येथे केव्हा आले होते, त्यांच्यासोबत कोण होते, हे वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून घराघरांतले रुमाल सांभाळीत आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ तर १५९५ साली झाला; दियोगो द कूतो हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. यांच्याच पंक्तीत आपल्या धर्मग्रामाच्या कपाटातील स्नानसंस्काराची नोंदवही बसते. तिला आपण कधी संशोधनकेंद्र म्हणत नाही, एवढेच.

या सर्व दप्तरांत कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, येथून आपल्या विचाराला सुरुवात करावी लागते. तीर्थक्षेत्राच्या वहीत नाव लागायचे तर तीर्थयात्रा घडायला हवी. त्यासाठी वाटखर्च हवा, सवड हवी, आणि ज्याला देवळाच्या आवारात येऊ देत असत अशा जातीत जन्म हवा. छापील कुलवृत्तांतांत पुत्रांच्या शाखा दूरवर पसरलेल्या दिसतात. मुलीची शाखा मात्र तिच्या लग्नापाशी थांबते. सासरी तिचे नाव बदलले की माहेरच्या कागदावरून ती पुसली जाते. वंशवृक्ष म्हणून आपण जे चित्र भिंतीवर टांगतो, त्यात निम्मी मुळे काढूनच टाकलेली असतात. महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला तो २०२४ साली. इतका उशीर व्हावा, हीच या विषयावरची बोलकी टीका होय.

ख्रिस्तसभेच्या नोंदवहीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवण्याची आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता-धर्मपित्यांची नावे लिहून घेण्याची आज्ञा केली. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील जनांची स्थिती अशा पाच वह्या ठेवण्यास सांगितले. उद्देश घराण्याचा मोठेपणा टिकवण्याचा नव्हता. कोणाचा विवाह कोणाशी झाला, तो गुप्तपणे तर झाला नाही ना, कोणाला संस्कार मिळाला आणि कोणाला मिळायचा आहे, हे कळावे म्हणून ही वही. त्यामुळे तिच्यात आपोआप एक समता आली. जमीनदाराचे मूल आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे मूल एकाच पानावर, एकाखाली एक, सारख्याच रकान्यांत उतरले. आईचे नाव तेथे शतकानुशतके लिहिले जात आहे. वही लिहिणारा धर्मगुरू जातिभेदापासून मुक्त होता असा दावा आम्ही करणार नाही. परंतु वहीच्या रकान्यांनी त्याला बरेचसे शिस्तीत ठेवले.

आता पेठकडे वळू. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेलगतचा हा डोंगराळ तालुका. नागली, वरई आणि भात ही येथली पिके. कोकणा, महादेव कोळी आणि वारली ही येथली प्रमुख माणसे. पेठ एकेकाळी लहानसे संस्थान होते. १८५७ च्या उठावात संस्थानिक घराण्यातील भगवंतराव यांना इंग्रजांनी फाशी दिली, आणि १८७८ साली बेगमेच्या निधनानंतर संस्थान खालसा झाले. एकाच घराण्यात रावही आणि बेगमही, ही गोष्टच शुद्ध वंशाच्या अभिमानाला विचार करायला लावणारी आहे. परंतु आमचे लक्ष दुसरीकडे वेधले जाते. त्या उठावात डोंगरातली जी माणसे उतरली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याच दप्तरात उरली नाहीत. तीर्थोपाध्यायांच्या वहीत ती जाण्याचा प्रश्न नव्हता. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ सालचा. तेव्हा या भागातील ख्रिस्ती नोंदवह्यांचे वयही फार नाही. या लोकांचे दप्तर त्यांच्या जिभेवर होते. या सीमाभागातील कोकणा समाजात काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून तिच्या सुरावर रात्रभर कथा सांगणारे कथेकरी होते. गावाबाहेर पूर्वजांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव लाकडी वा दगडी स्तंभ होते. ज्याला वाचता येत नाही तोही त्या स्तंभापाशी उभा राहून हा कोणाचा, हे सांगू शकत असे.

आज मात्र याच माणसांकडे कागद मागितला जातो, आणि तो हौसेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ पासून अमलात आहे. ६ सप्टेंबर १९५० या दिवशी अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. म्हणून त्या तारखेच्या आधीचा कागद सोन्याच्या मोलाचा झाला आहे. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गमाचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महसुलाचा जुना कागद यांच्यासाठी कॉलेजात जाणारी मुले तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? गेले असतील, पण गुरुजींनी 'कोळी महादेव' असे पूर्ण न लिहिता नुसते 'कोळी' लिहिले असेल तर? पाऊणशे वर्षांपूर्वी दोन अक्षरे लिहिण्याचा कोणी कंटाळा केला, आणि त्याची किंमत जन्मालाही न आलेल्या नातवाने मोजली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मधील निकालात जुन्या कागदांना मोठे पुरावामूल्य असल्याचे सांगितले आणि चालीरीतींची चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे असे स्पष्ट केले. ज्याच्याकडे जुना कागद आहे त्याला या निकालाने आधार मिळाला. ज्याच्याकडे तो नाही त्याचा प्रश्न उरतोच.

येथे आम्हांला एझ्राच्या ग्रंथातील एक प्रसंग आठवतो. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजककुळांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली. ती सापडली नाही, म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. ही कुळे खोटी होती असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. नोंद सापडली नाही, एवढेच म्हणते. हद्दपारीत, दुष्काळात, आगीत, स्थलांतरात नोंदी नाहीशा होतात, आणि सर्वांत आधी नाहीशा होतात त्या गरिबांच्या. नोंद नसणे हा माणूस नसल्याचा पुरावा नव्हे, हे ज्याच्या हाती दप्तर आहे त्याने कधी विसरू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी हे तत्त्व मान्य केले आहे. तेथे सरकारी कागदासोबत वंशावळ आणि गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदन हेही पुरावे म्हणून धरले जातात. कोणाचा बाप कोठे नांगरीत होता हे सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दाला कायद्याने कागदाशेजारी बसवले. असे प्रसंग आपल्या देशात विरळाच.

परंतु ज्यांच्याजवळ कागद आहेत त्यांच्यापुढे वेगळी संकटे उभी राहतात, आणि ती आपल्या ख्रिस्ती घरांत आम्ही पाहतो. पहिले संकट अभिमानाचे. गोव्यात काय, वसईत काय, 'आम्ही मूळचे अमुक जातीचे' असे अभिमानाने सांगणारी कॅथोलिक घराणी आजही आहेत. एकाच पवित्र वेदीभोवती चार शतके उभे राहूनही सोयरीक जुळवताना मूळ जातीची चौकशी होते. अशा माणसाच्या हाती वंशावळ दिली की तो तिचा शिडीसारखा उपयोग करतो: वर चढण्यासाठी, किंवा दुसरा आपल्या खाली आहे हे पाहण्यासाठी. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात न संपणाऱ्या वंशावळ्यांत गुंतू नये असा इशारा आहे, तो याच प्रवृत्तीला उद्देशून असावा. आणि मत्तयने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी जी वंशावळ दिली, तिचे वैशिष्ट्य आपण नाताळच्या गडबडीत लक्षातच घेत नाही. बेचाळीस पिढ्यांच्या त्या यादीत मरियेपूर्वी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. एकीची कथा सासऱ्याशी निगडित, दुसरी यरीहोची गणिका, तिसरी मवाबातील परकी विधवा, चौथी दावीद राजाच्या पापाची बळी. घराण्याची अब्रू झाकण्यासाठी एखाद्या कुलवृत्तांतकाराने नेमकी हीच चार नावे गाळली असती. मत्तयने ती मुद्दाम ठेवली. आपल्या वंशात जे घडले त्याची लाज वाटून ते पुसू नये, हा त्या यादीचा पहिला धडा.

मग दुसरे संकट लगेच समोर येते. सत्य झाकू नये, हे खरे. पण प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगावे काय? स्नानसंस्काराच्या वहीत अशी काही पाने असतात की जेथे एखाद्या मुलीचा वर्षांपूर्वीचा दुःखद प्रसंग एका ओळीत मिटलेला असतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८७७ वे कलम या बाबतीत विलक्षण सूक्ष्म आहे. अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करताना तिचे मातृत्व जाहीरपणे ठाऊक असेल, किंवा तिने स्वतः लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर तशी इच्छा सांगितली असेल, तरच तिचे नाव लिहावे. पित्याचे नाव सार्वजनिक कागदाने सिद्ध झाले असेल, किंवा त्याने धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर कबूल केले असेल, तरच लिहावे. इतर बाबतीत केवळ बाळाचे नाव लिहावे आणि माता-पित्यांची जागा कोरी सोडावी.

ही कोरी ओळ आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. ती खोटे बोलत नाही; कोणा भलत्याच माणसाला बाप म्हणून उभे करीत नाही. आणि ती आरोपही करीत नाही. तिच्यावर एक नाव मात्र ठळकपणे लिहिलेले असते, ते त्या बाळाचे. सत्य आणि दया यांचे भांडण मिटवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हांला ठाऊक नाही.

यावर एक सबळ आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळता येणार नाही. ज्याचे ते मूल, त्याला आपली आई कोण हे जाणण्याचा हक्क नाही काय? दुसऱ्याच्या अब्रूसाठी त्याने आयुष्यभर अंधारात राहावे काय? आमच्या मते येथे मागणारा कोण आहे हे पाहिले पाहिजे. जो स्वतःचे मूळ शोधतो तो भूक लागलेला माणूस आहे. जो चुलतभावाचे वा शेजाऱ्याचे मूळ शोधतो तो बहुधा केवळ चवीसाठी आलेला असतो. पहिल्याला शक्य तितके द्यावे, जपून द्यावे, एकट्याला पाठवून न देता त्याच्याजवळ बसून द्यावे. दुसऱ्याला नम्रपणे परत पाठवावे. आपल्या देशाच्या २०२२ च्या दत्तकविषयक नियमांतही दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्याची वाट ठेवली आहे, परंतु त्या शोधाने जन्मदात्यांच्या खाजगीपणाचा भंग होऊ नये असेही बजावले आहे. दोन्ही हक्क खरे आहेत. त्यांचा तोल प्रत्येक वेळी नव्याने साधावा लागतो. त्यासाठी तयार तराजू कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

मृतांचे काय, असेही कोणी विचारील. ते तर आता तक्रार करू शकत नाहीत. म्हणूनच त्यांच्याविषयी अधिक जपायला हवे. युटाच्या ज्या संस्थेचा उल्लेख वर आला, तिने जगभरच्या धर्मग्रामांच्या वह्यांची चित्रे घेऊन ठेवण्याचे अफाट काम केले. कित्येक ठिकाणी मूळ वही नष्ट झाल्यावर तीच प्रत उरली. परंतु तिच्यामागील पंथात मृतांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची प्रथा असल्यामुळे, २००८ साली व्हॅटिकनने जगभरच्या धर्मप्रांतांना आपल्या नोंदवह्या त्या संस्थेच्या हवाली न करण्याची सूचना दिली. अभ्यासकांना ही सूचना संकुचित वाटली. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो, कारण वाळवी आणि पावसाळा धर्मपंथ पाहत नाहीत. तरीही त्या सूचनेमागचे तत्त्व योग्य आहे. ज्याने आपले नाव एका विश्वासाने एका वहीत लिहू दिले, ते नाव त्याच्यामागे वेगळ्याच कामासाठी वापरणे म्हणजे ठेव मोडणे होय. मृतांची नावे ही आपली मालमत्ता नव्हे. ती आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे.

आणि ज्यांची वंशावळ कोठेच नाही, त्यांचे? नाशिकच्या शरणपूर रस्त्याने रोज हजारो माणसे जातात, पण त्या नावामागचा इतिहास थोड्यांनाच ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांच्या काळात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली गेली. या मुलांना बापाचे नाव विचारणार कोण, आणि विचारले तरी ते कोणत्या भाषेत लिहिणार? त्यांना नवी नावे मिळाली, शाळा मिळाली, हाताला धंदा मिळाला. त्यांच्यापैकी एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय जेथे पुरले तेथील झाडावर या जेकबने त्याचे नाव कोरले. पुढे तो मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीस उपस्थित राहिला. ज्याच्या स्वतःच्या आजोबाचे नाव जगातील कोणत्याही दप्तरात नव्हते, त्याने दुसऱ्याचे नाव नाहीसे होऊ नये म्हणून झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. शरणपूरच्या या लोकांपैकी अनेक जण १८७५ च्या सुमारास प्राइससाहेबांबरोबर मोंबासाजवळच्या फ्रियर टाऊनला गेले. आज त्यांच्या वंशजांनी आपले मूळ शोधायचे ठरवले तर वाट नाशिकपर्यंत येईल आणि समुद्रापाशी थांबेल. त्यापलीकडे कोरे पान. त्या कोऱ्या पानामुळे त्यांच्यापैकी कोणी रतिभरही कमी ठरत नाही.

लूकने येशूची वंशावळ उलट्या क्रमाने लिहिली आणि ती आदामापर्यंत, आणि आदामाच्याही पलीकडे परमेश्वरापर्यंत नेली. प्रत्येक कुळाचा शोध पुरेसा मागे नेला तर तो तेथेच पोचतो. राजाचाही, नांगरकऱ्याचाही, जहाजावरून सोडवलेल्या मुलाचाही. मधल्या पिढ्या कोणाला दहा सापडतील, कोणाला दोन, कोणाला एकही नाही. हा फरक कागदाचा आहे, माणसाचा नव्हे.

तेव्हा आमची वाचकांस विनंती अशी. पूर्वजांचा शोध अवश्य घ्या. धर्मग्रामाच्या नोंदवहीतील माहिती हवी असेल तर का हवी हे आधी स्वतःच्या मनाशी स्पष्ट करून या. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत त्यांनी येत्या मृतांच्या महिन्याची, नोव्हेंबरची, वाट पाहू नये; आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, लहानपणी दगावलेल्या भावंडांची नावे, कोणत्या दुष्काळात कोणते गाव सोडले, हे सर्व त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावे. नावाची अक्षरे दोनदा विचारून लिहावीत, कारण एका अक्षराने काय होते ते आपण पेठमध्ये पाहत आहोत. जे ठाऊक नाही तेथे अंदाजाने नाव भरू नये. जागा कोरी सोडावी. आपले घराणे मोठे दिसावे म्हणून एकही नाव वाढवू नये, आणि लाज वाटते म्हणून एकही गाळू नये. आणि ज्यांना मोडी वाचता येते, जे कचेरीच्या पायऱ्या चढायला घाबरत नाहीत, अशा शिकलेल्या मंडळींनी आपल्या कुळाचा शोध संपल्यावर एक दिवस पाड्यावरच्या एखाद्या मुलासाठीही द्यावा. त्याच्या आजोबांचे नाव एखाद्या रुमालात असेल, किंवा कदाचित नसेलही. पण ते शोधायला त्याच्यासोबत कोणी गेले होते, एवढे त्याला आठवत राहील.